मामांची मराठी कुठं गेली

मी नक्की काय काम करते हे मामांच्या गावात, लोहाऱ्यात, कुणालाही धड सांगता येत नाही, मलासुद्धा. बंगळूरुच्या एका प्रयोगशाळेत मी मेंदूतल्या सर्किटांची मॉडेलं बनवते. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये काही हजार खोट्या पेशी उभ्या करायच्या, त्यांना एकमेकींशी जोडायचं आणि त्या खऱ्या मेंदूसारख्या वागतात का ते बघत बसायचं. बहुतेक वेळा वागत नाहीत. हे मी एकदा मामींना सविस्तर समजावलं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि शेजारी सांगितलं की भाची मेंदूची डॉक्टर झाली. तेव्हापासून मी सुट्टीला गेले की कुणी अर्धशिशी घेऊन येतं, कुणी विसराळू नवरा घेऊन येतं. एका गृहस्थांनी तर टोपी काढून टक्कल पुढं केलं. डोक्याचंच आहे ना, म्हणाले.

खऱ्या मेंदूला माझा आजवर हात लागलेला नाही. एकदा बरणीत ठेवलेला पाहिला होता, शिळ्या फ्लॉवरसारखा दिसत होता. त्यामुळं मामांना लकवा मारला आणि मामींनी फोनवर फक्त "तू शिकलीस ना मेंदूचं, मग ये" एवढंच म्हटलं, तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या पदवीची भीती वाटली.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. लोहाऱ्याच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. आमच्याकडं कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं त्यांच्या घरात कानडी आणि दुकानात मराठी असा जुना रिवाज. मामा आपल्या आईशी आणि बहिणीशी कानडीत बोलायचे आणि बाकी सगळ्या जगाशी मराठीत. मामी मात्र भूमच्या, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना कानडीचा एक शब्द येत नव्हता, आणि चाळीस वर्षांनंतरही येत नव्हता. हे अज्ञान त्यांनी निगुतीनं जपलं होतं. सासू आणि नवरा जेवताना कानडीत बोलतात ते आपल्याबद्दलच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ज्या भाषेत माझ्या नावानं बोटं मोडतात ती मी कशाला शिकू, असं त्या म्हणायच्या. सासूबाई वारल्या, पाठोपाठ माझी आईही गेली, आणि त्या घरात कानडी बोलायला कुणी उरलं नाही. मामींना वाटलं, प्रकरण मिटलं.

त्या सकाळी मामा एका गिऱ्हाइकाला कुकरचं झाकण कसं बसतं ते दाखवत होते. बोलता बोलता शब्द थांबला, मग उजव्या हातातून झाकण पडलं. गिऱ्हाईक शाळेतले मास्तर होते. त्यांनी हे काय आहे ते ओळखलं, जीप थांबवली आणि थेट सोलापूर गाठलं. त्या मास्तरांमुळं मामा वाचले. कुकर मात्र त्यांनी दुसरीकडून घेतला असं नंतर कळलं, आणि मामी ते अजून विसरलेल्या नाहीत.

तीन दिवस मामा काहीच बोलले नाहीत. चौथ्या दिवशी डोळे उघडून त्यांनी पाणी मागितलं, पण कानडीत. मामी उशाशी बसल्या होत्या. त्यांना वाटलं जीभ जड झाली असेल. मग पूर्ण वाक्य आलं, स्वच्छ, ठसक्यात, आणि तेही कानडी. त्यानंतर मामा जे बोलले ते सगळं कानडीतच. मराठीचा एक शब्द नाही.

मी पोचले तेव्हा त्यांना घरी आणलं होतं. खाटेवर उशीला टेकून बसले होते, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. मला बघून त्यांनी भरभर काहीतरी सांगितलं. माझं कानडी लहानपणी आजीच्या मांडीवर सुरू झालेलं आणि पुढं बंगळूरुच्या रिक्षावाल्यांनी पुरं केलेलं. त्यामुळं मला प्रेमाचं आणि भांडणाचं बरं येतं, मधलं काही येत नाही. मामी दारातच उभ्या होत्या.

"खरं सांग, काय म्हणाले?"

मामा म्हणाले होते की सोलापूरचा डॉक्टर गाढव आहे, डाळीत मीठ नाही, आणि ही बाई मला काहीच का देत नाही, मी घसा कोरडा होईपर्यंत मागतोय. मी सांगितलं की पाणी मागतायत. एवढ्या लांब बोलण्यात नुसतं पाणीच होतं का, असं विचारून मामी पाणी आणायला गेल्या.

अशा रीतीनं पीएचडी झालेली मी त्या घरात दुभाषी म्हणून रुजू झाले. मामांची मुलगी नांदेडला, तिचे दिवस भरत आलेले, तिला येता येत नव्हतं. दोन्ही भाषा येणारी घरात मी एकटीच. मी भाषांतरात गाळत होते हे दोघांनाही कळत होतं. मामांना मराठी समजत होती हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, कारण मी "डाळ छान आहे म्हणतायत" असं सांगितलं की ते मान हलवून नाही म्हणायचे.

शेजारच्या एका काकूंचं निदान वेगळं होतं. त्यांनी मामींना सांगितलं की हे मालक बोलत नाहीत, यांच्या तोंडून तुझी सासू बोलतेय. मामींना ते एकदम पटलं. आवाजाची तीच धार, हात तसाच उडवायचा, आणि भाषाही तीच. मी दुपारी भांडी आवरत होते तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई मेली तरी पाठ सोडीना झाली. आता नवऱ्याच्याच अंगात येऊन बसली." तुळजापूरला जाऊन भवानीच्या पायावर घालायचं त्यांनी मनात पक्कं केलं होतं. मी म्हटलं जाऊ, पण आधी मला काय कळतंय ते ऐका.

मग मी सांगितलं. दोन भाषांच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्या नसतात. एकाच जाळ्यात दोन्ही विणलेल्या असतात, आणि तोंड उघडलं की दोन्ही बाहेर पडायला बघतात. आत खोलवर पेशींचे काही पुंजके आहेत, त्यांचं काम राखणदारासारखं. एकीला सोडायचं, दुसरीला थोपवायचं. मामांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली ती डाव्या बाजूला, नेमकी तिथं. म्हणजे भाषा जळून गेली असं नाही, सोडणारा जखमी झालाय. हेच पुंजके मी पाच वर्षं कॉम्प्युटरवर बनवत होते, हेही सांगितलं. सांगताना मला जरा अभिमान वाटला, आणि लगेच लाजही वाटली.

मामींनी एकच प्रश्न विचारला. "म्हंजे मराठी आत हाय का गेली?"

मी अनेक परिषदांना गेलेय. इतका नेमका प्रश्न मला तिथं कुणी विचारलेला नाही.

मी म्हटलं, असावी. मग त्या म्हणाल्या, तुझ्या मशीनमध्ये बघून सांग. मी लॅपटॉप उघडला. पेशींचे दोन गट होते. एकाला मी कानडी म्हटलं, दुसऱ्याला मराठी. मधल्या राखणदाराच्या काही तारा तोडल्या आणि मॉडेल चालू केलं. पडद्यावर ठिपके लुकलुकायला लागले. मामी चष्मा लावून जवळ आल्या आणि यातले मामा कुठले ते विचारलं. मी म्हटलं, हे सगळे मिळून मामा. त्या ठिपक्यांकडं त्यांनी थोडा वेळ आदरानं बघितलं.

पहिल्यांदा कानडी जिंकली. मामी खूश झाल्या, मशीनला कळतंय म्हणाल्या. मग मी एक आकडा थोडा बदलला तर मराठी जिंकली. आणखी बदलला तर दोन्ही गप्प झाल्या. चौथ्या वेळी दोन्ही एकदम बोलायला लागल्या आणि लॅपटॉपचा पंखा घोंगावू लागला. माझं मॉडेल मामांना काय झालं ते समजावू शकत होतं, आणि जे झालंच नव्हतं तेही तितक्याच झोकात समजावू शकत होतं.

"म्हंजे ह्याला काहीच माहीत न्हाय," मामी म्हणाल्या.

माझा शोधनिबंध परत पाठवणाऱ्या परीक्षकांनी साधारण हेच लिहिलं होतं, फक्त त्यांना तीन पानं लागली होती.

त्याच आठवड्यात माझ्या प्राध्यापकांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी मामांची तब्येत विचारली, उत्तर अर्धवट ऐकलं, आणि स्कॅन मिळेल का ते विचारलं. एकच भाषा परत येणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, रोज चाचणी घे, नोंदी ठेव, असं ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत चमक होती. खोटं का सांगू, माझ्याही होती. पाच वर्षं खोट्या पेशींशी संसार केल्यावर एक खरा माणूस हाताशी आला होता, आणि तो माझा मामा होता ही गोष्ट मी दोन-तीन दिवस जरा बाजूला ठेवली.

मी चित्रांचे पत्ते बनवले. गाय, किल्ली, छत्री, तांब्या. रोज सकाळी खाटेसमोर बसायचं, चित्र दाखवायचं, हे काय आहे ते आधी मराठीत विचारायचं, मग कानडीत. मराठीच्या रकान्यात शून्य, कानडीच्या रकान्यात एक. पहिले दोन दिवस मामांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी मी तांब्याचं चित्र धरलं तेव्हा ते चिडले. या तांब्याचा काठ बघ, बूड बघ, हा उभा तरी राहील का, हा कुणी ओतला, असल्या मालाला मी दुकानाची पायरी चढू देत नाही, असं ते कानडीत एक मिनिटभर बोलले. लकव्यानंतरचं त्यांचं ते सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत सुंदर भाषण होतं. माझ्या तक्त्यात त्यासाठी एकच चौकोन होता. मी त्यात एक लिहिला. मग मी छत्री उचलली, तर मामांनी मला "हुच्ची" म्हटलं. म्हणजे येडी. मी तेही नोंदवायला लागले.

मामी दाराशी भाजी निवडत होत्या. त्यांना कानडी येत नसली तरी हुच्ची समजत होतं. तो शब्द सासूनं त्यांच्यावर पुष्कळ वापरला होता. त्या उठल्या, माझ्या हातातले पत्ते घेतले आणि फडताळावर पिठाच्या डब्यामागं ठेवून दिले. "तू भाची म्हणून आलीस का परीक्षा घ्यायला आलीस, ते ठरव," एवढंच म्हणाल्या, आणि परत भाजी निवडायला बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी प्राध्यापकांना कळवलं की घरच्यांची संमती नाही. संमतीचा कागद मी काढलाच नव्हता हे नाही कळवलं. ज्या नोंदी केल्या होत्या त्या पुसून टाकल्या.

त्या दुपारी मामींनी शेंगदाण्याचं कूट घालून वांग्याची भाजी केली होती. मामा डाव्या हातानं सावकाश जेवत होते. दोन घास झाल्यावर त्यांनी मामींकडं बघितलं आणि म्हणाले, "चलो."

मामी ताबडतोब उठल्या आणि त्यांच्या चपला घेऊन आल्या. हैदराबादी हिंदी त्यांना येत होती. चलो म्हणजे निघू या, हे कुणाला कळत नाही? मामांनी चपलांकडं बघितलं, मग भाजीकडं बोट दाखवून पुन्हा म्हणाले, "चलो." मामी घाबरल्या. कुठं जायचं म्हणतायत हे, दवाखान्यात का, असं त्यांनी मला विचारलं. त्यांनी मामांचा पाय चपलेत घालायला घेतला. मामा पाय मागं ओढत होते आणि चलो, चलो म्हणत होते.

मी घास गिळला आणि सांगितलं की मामी, सीमेकडच्या कानडीत चलो म्हणजे चांगलं. ते भाजी चांगली झालीय म्हणतायत.

मामी चप्पल हातात धरून तशाच बसून राहिल्या. इतकी वर्षं कानडी ऐकूनही हा शब्द त्यांना माहीत नव्हता, कारण सासूला त्या घरात चांगलं असं कधी काही दिसलंच नव्हतं. आणि मामा मराठीत भाजीला चांगलं म्हणत नसत. जेवून उठायचे, झालं. मामींनी चपला जागेवर नेऊन ठेवल्या, हात धुतले, आणि पातेल्यात उरलेली सगळी भाजी त्यांच्या ताटात वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, शिकव. बासष्ट वर्षांचं वय, हातात नातीची जुनी वही. पाणी, जेवण, पुरे, नको, दुखतंय, असे शब्द त्यांनी लिहून घेतले. माझं बंगळूरुचं कानडी मामांना आवडत नसे. मी शिकवलेलं मामींनी म्हणून दाखवलं की ते खाटेवरून दुरुस्त करायचे. नकोसाठी मी "बेडा" शिकवलं तर ते "ब्याड" म्हणायला लावायचे. मामांना आम्ही सोलापूरच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना आठवड्यातून एकदा दाखवायला न्यायचो. त्यांनी हे ऐकलं आणि म्हणाल्या की हेच करा, जी भाषा येतेय तिच्यातच भरपूर बोलू द्या, दुसरीची घाई करू नका. मी अभ्यासलेलं ते सगळं त्यांनी दोन वाक्यांत संपवलं.

मग महिन्याभरानं एक दिवस मामांना दुकानात नेऊन बसवलं. नुसतं बसायचं, बोलायचं मामींनी. एक बाई कढई घ्यायला आल्या. उलटीसुलटी करून बघितली आणि पडेल किमतीला मागितली. मामी उत्तर द्यायच्या आत मागून आवाज आला.

"परवडत न्हाय."

मामींनी वळून बघितलं. मामा स्वतःच चकित झाले होते. त्यांनी तो शब्द पुन्हा म्हणून बघितला, जिभेवर नीट बसतोय का ते. पाठ झालेली, हजारदा बोललेली वाक्यं वेगळ्या वाटेनं येतात, शिव्या, श्लोक आणि पाढे अनेकदा आधी परततात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मामा आयुष्यात कुठलं वाक्य सगळ्यांत जास्त वेळा बोललेत याचा विचार मात्र मी केला नव्हता. कढईवाल्या बाईंना यातलं काही कळलं नाही. त्या आणखी दोनदा घासाघीस करून गेल्या.

पुढचा पंधरवडा मामांजवळ एवढी एकच मराठी होती. आंघोळीला चला म्हटलं की परवडत न्हाय. गोळी घ्या, परवडत न्हाय. जावई भेटायला आले, त्यांनी तब्येत विचारली, त्यांनाही तेच. मग हळूहळू आणखी येत गेलं. बस, ऊन, वर्तमानपत्र, आणि एका सकाळी मामींचं नाव, जे ते एरवी कधीच घेत नसत. मामी लाजल्या आणि नाव कशाला घेता म्हणून रागावल्या.

मामांची मराठी बरीचशी परत आल्यावर मामींनी, मी समोर असताना, चाळीस वर्षांचा प्रश्न विचारला. तो त्यांनी कानडीत विचारला, व्याकरणाची वाट लावत, पण समजेल असा. तुम्ही आणि आत्याबाई जेवताना माझ्याबद्दल काय बोलायचात? मामांनी आठवून आठवून उत्तर दिलं, काही शब्द या भाषेतले, काही त्या. आईला पोट साफ होत नव्हतं. रोज तेच. एरंडेल घेतलं का, किती घेतलं, झाली का. सुनेसमोर मराठीत कसं बोलायचं म्हणून कानडीत.

"रोज?" मामींनी विचारलं.

रोज, मामा म्हणाले.

मामींचा चेहरा उतरला. आपल्याबद्दल अगदीच काही नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. मामांनी विचार केला आणि एकदा भाकरीवरून काहीतरी बोलणं झालं होतं, असं कबूल केलं. तेवढ्यावर त्यांना समाधान मानावं लागलं.

आता मामा दोन्ही भाषा बोलतात, एकाच वाक्यात, सुरुवात इकडं आणि शेवट तिकडं. उजवा हात अजून पूर्ण चालत नाही. माझ्या निबंधावर परीक्षकांचा नवा शेरा आलाय की खऱ्या रुग्णांची माहिती जोडा. मी तो बाजूला ठेवून दिलाय.

मागच्या खेपेला मी गेले तेव्हा मामी बाहेर पडायच्या तयारीत होत्या. उपचारवाल्या बाईंनी त्यांना उमरग्याजवळच्या एका गावी जायला सांगितलं होतं. तिथल्या एका माणसाची वाचा गेलीय आणि घरचे हबकून बसलेत. मामींनी मला विचारलं, काय सांगू त्यांना. मी सर्किट, राखणदार, निरोगी भाग हळूहळू काम कसं उचलतो, सगळं सांगत गेले. त्या ऐकता ऐकता पिशवीत शेंगाचटणीचा डबा ठेवत होत्या. मग जीप आली आणि त्या निघून गेल्या.

दिवस मावळायच्या आत परत आल्या. काय सांगितलंत, मी विचारलं. "तुझं काही सांगितलं न्हाय," त्या म्हणाल्या. "त्या घरात सगळे त्या माणसापुढंच त्याच्याबद्दल बोलायलेत, कपाटापुढं बोलावं तसं. म्या म्हणलं, आधी त्यांना इचारा की, त्यांना ऐकू येतंय."

मग त्या गृहस्थांनी काय केलं, मी विचारलं. आधी थोडे रडले, म्हणाल्या, मग खुणेनं सगळ्यांना चहा करायला लावला. चहा बरा होता का, असं मामांनी खाटेवरून विचारलं, कानडीत. मामी म्हणाल्या लई पातळ होता, पुढच्या आठवड्यात जाताना घरची पत्ती नेते.